ओड्डरामय्याचं तळं

सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला चार दिवस झाले होते, पण होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, अजून भरलेलाच होता. पाळण्यांच्या लोखंडी दांड्यांवर सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं आणि रात्रभर जागलेले दुकानदार ताडपत्र्या अंगावर ओढून झोपले होते. त्या गल्ल्यांतून वाट काढत मी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी आले. पाण्याच्या मधोमध मंदिर, तिथवर नेणारी वाट, पलीकडे भुईकोट किल्ल्याची काळी तटबंदी. माझ्या आईचं माहेर सोलापूर. लहानपणी दर उन्हाळ्यात हे तळं पाहिलेलं. तेव्हा ते देवाचं तळं होतं, बस. ते कुणी खोदलं हे विचारायचं सुचायला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

या खेपेला तोच प्रश्न घेऊन आले होते. नदीकाठच्या प्राचीन संस्कृतींबद्दल वाचताना एक विधान फिरून फिरून भेटतं: ज्याच्या हाती पाणी, त्याच्या हाती सत्ता. कार्ल विटफोगल या अभ्यासकाने १९५७ मध्ये त्याचा मोठा सिद्धान्तच मांडला. कालवे आणि बांध उभारायला हजारो माणसं एका हुकमाखाली आणावी लागतात, आणि इजिप्त, मेसोपोटेमिया, चीन इथल्या एकछत्री राजसत्ता त्यातूनच घट्ट झाल्या, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. मला ते विधान पुस्तकात तपासण्यापेक्षा सोलापुरात तपासावंसं वाटलं. इथे वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. आणि शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत संताचं तळं आहे, सुलतानाचा बांध आहे, इंग्रजांचं धरण आहे आणि दोन नद्यांचा संगम आहे.

तळ्याची गोष्ट हुरड्यापासून सुरू होते. बाराव्या शतकात या गावाचं नाव होतं सोन्नलिगे. सिद्धराम नावाचा अबोल मुलगा रानात राखणीला बसे. एकदा एक जंगम त्याच्यापाशी आला आणि त्याने हुरडा मागितला. मुलाने कणसं भाजून दिली. मग जंगमाने दहीभात मागितला. मुलगा घरी धावत गेला आणि घेऊन आला, तर जंगम दिसेना. तो श्रीशैलचा मल्लय्या, म्हणजे शिवच होता, अशी श्रद्धा. त्याला शोधत सिद्धराम थेट श्रीशैलला गेला आणि तिथून परतला तो मनाशी एक काम ठरवूनच. त्याने गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली आणि लोकांना बरोबर घेऊन हे तळं खोदायला घेतलं. कुदळ, पाटी आणि माणसांची रांग, असा त्याचा धर्म.

यातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग वीरशैव संत अल्लमप्रभूंचा आहे. वीरशैव परंपरेत तो सांगितला जातो. अल्लमप्रभू सोन्नलिगेत आले, तळ्याचं काम चाललेलं पाहिलं आणि त्यांनी विचारलं, तुमचा तो ओड्डरामय्या कुठे आहे? ओड्ड म्हणजे वडार, माती उपसणारा, दगड फोडणारा. आपल्या गुरूला वडार म्हटलं म्हणून खोदणारे भडकले आणि त्यांनी अल्लमांवर दगड फेकले. पुढे दोघांत मोठा संवाद झाला. बाहेरचं तळं खोदलंस, आतलं कधी खोदणार, असा अल्लमांच्या बोलण्याचा रोख. त्यानंतर सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणला गेले, बसवण्णांच्या शरणांत मिसळले आणि कन्नडमधले मोठे वचनकार झाले. आत्मज्ञानाच्या अंगाने या प्रसंगाचा पुष्कळ विचार झाला आहे. माझं मन मात्र त्या शब्दापाशी अडतं. वडार म्हणणं ही शिवी वाटावी, अशा त्या काळात एका योग्याने वडाराचं काम अंगावर घेतलं होतं. आज दक्षिणेतला भोवी-वडार समाज सिद्धरामेश्वरांना आपलं दैवत मानतो. ज्या शब्दावरून दगड उडाले, तो शब्द त्यांच्या नावात आजही आहे.

मी पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेले. काठाला प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य अडकलेलं होतं, पाण्यावर हिरवट साय धरली होती. ते पाहून जीव कळवळला. एका पायरीवर टाकीचे घाव स्पष्ट दिसत होते, तिरपे, एकाआड एक, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. ही पायरी कधीची ते मी सांगू शकत नाही, काठाची दुरुस्ती अनेकदा झालेली असणार. पण घाव हाताचे होते. शेजारी एक आजोबा बसले होते, जुन्या गिरणीत जन्म गेलेले. मला दगड चाचपताना पाहून म्हणाले, "बसा की ओ. वडारांचं काम आहे ते. माझा आजा असाच दगड घडवायचा." एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे शेंगदाण्यांची पुडी धरली.

पलीकडचा किल्ला बहामनी काळातला. याच तळ्याच्या पाण्याने त्याची एक बाजू राखली. संताने लोकांसाठी अडवलेलं पाणी दोनशे वर्षांत तटाच्या कामी आलं. पाणी ज्याने साठवलं त्याचंच राहतं असं नाही, हे काठावर उभं राहिलं की चटकन कळतं.

तिथून मी हिप्परग्याला गेले. तुळजापूर रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात एकरुख तलावाचा लांबलचक बांध दिसतो. आदिला नदीवर इंग्रजांनी १८६६ ते १८७१ या काळात तो बांधला. दोन किलोमीटरहून लांब मातीचा भराव, तीन कालवे. दुष्काळावर उतारा आणि शेतसाऱ्यात वाढ, दोन्ही त्यांना हवं होतं. पण चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी कालव्याचं पाणी घेईना. पट्टी परवडायची नाही, आणि काळ्या रानातला रब्बीचा जोंधळा ओलीवरच येतो हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पाच वर्षांत १८७६चा भीषण दुष्काळ आला आणि सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्यानंतर, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. सरकारने पलटणीतल्या आणि पोलीस खात्यातल्या माणसांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत, पावसाचं पाणी शेतातच मुरवावं, अशी सूचना त्यात आहे. मोठ्या धरणाच्या काळात फुले बांधाविषयी बोलत होते. पाणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात मुरलं की त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, ही त्यामागची समज आजही तितकीच खरी आहे.

तुळजापूरवरून नळदुर्गला पोचले तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालते, आणि या नदीवरच किल्ल्याच्या आत एक दगडी बांध आहे, किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारा. बांधाच्या पोटात पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, तो उभा राहिला. पावसाळ्यात बांधावरून पाणी दोन धारांनी कोसळतं, लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. मी गेले तेव्हा धारा नव्हत्या. पायऱ्या उतरून आत शिरले आणि एकदम थंडावा अंगाला भिडला. डोक्यावर नदी, पाठीमागे नदी, आणि आपण कोरड्या कोनाड्यात. समोरच्या नक्षीदार खिडकीतून खालचं खोरं दिसत होतं. भिंतीला हात लावला तर दगड गार होता, पण ओल नव्हती. एवढा पाण्याचा दाब चारशे वर्षं झेलून चुना आणि बेसाल्ट अजून जागचे हललेले नाहीत. ज्या गवंड्यांनी सांधे भरले त्यांच्या हातांना मी मनोमन नमस्कार केला.

या महालात एक फारसी शिलालेख आहे. हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधार पसरेल, असा त्याचा भावार्थ सांगतात. सुलतान संगीताचा दर्दी होता, कवी होता, आणि महालाचं सौंदर्य त्याची साक्ष देतं. पण पाण्याची भाषा इथे बदललेली आहे. सोन्नलिगेत पाणी म्हणजे तहान होती, नळदुर्गात पाणी म्हणजे दबदबा. गडावरच्या शिबंदीची तहान याच पाण्याने भागली असेल, तटालाही याच पाण्याने बळ दिलं. तरी लेख बोलतो तो मित्र आणि शत्रू यांच्याविषयी. खाली बोरीच्या काठी नांगर धरणारा या वाटणीत कुठेच नाही.

परतताना एका ओळखीच्या रानात थांबले. आगटीत गोवऱ्या धगधगत होत्या, कणसं चोळून गरम हुरडा पानावर पडत होता, जोडीला शेंगाची चटणी आणि गूळ. खाता खाता समोरचं रान न्याहाळत होते. ज्या मापाने मी ही जमीन पाहत होते, एकर आणि गुंठे, त्या मापाआधी इथे दुसरी मापं होती. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले दानलेख वाचले तर जमीन 'मत्तर' आणि 'निवर्तन' यांनी मोजलेली दिसते. देवाच्या फुलबागेसाठी इतकी, मठासाठी इतकी, तळ्याच्या दुरुस्तीसाठी इतकी. तळ्याच्या दुरुस्तीला जमीन लावून देणं ही मला त्या काळातली सगळ्यांत शहाणी तरतूद वाटते. तळं बांधणाऱ्याचं कौतुक पाच-पन्नास वर्षं टिकतं. गाळ मात्र दर पावसाळ्यात येतो, आणि तो काढणाऱ्याच्या पोटाची सोय आधी करावी लागते.

त्या रात्री मावशीकडे पाणी यायचं होतं. चौथ्या दिवशीची पाळी. उजनी धरण शंभरेक किलोमीटर दूर, साठवणक्षमता ११७ टीएमसी, पण शहरातल्या गल्लीत पाणी येत होतं ते असं चौथ्या दिवशी, रात्री-अपरात्री. मावशीने पिंपं विसळून ठेवली होती, घागरी उपड्या मांडल्या होत्या. पहाटे तीनला गल्लीत हाक आली, "पाणी सुटलं!" मी घाईघाईने मोटर लावायला उठले, तर मावशीने हात धरला.

"थांब. अर्धा तास मोटर नाही लावायची."

"का गं?"

"शेवटच्या घराला पाणी चढत नाही. सगळ्यांनी मोटारी लावल्या की त्यांच्या नळाला नुसता वारा येतो. बायकांनी बसून ठरवलंय हे. अर्धा तास कुणीच लावत नाही."

गल्लीच्या टोकाला, चढावर, दोन खोल्यांचं घर आहे. तिथून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत सगळी गल्ली नुसत्या नळाच्या धारेवर भरत राहिली. मी ओट्यावर बसून पाहत होते. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात बाबिलोनच्या हम्मुराबीने आपल्या कायद्यात कलम घातलं होतं, की ज्याने आपला बांध आळसाने राखला नाही आणि शेजाऱ्याचं शेत बुडवलं, त्याने नुकसान धान्याने भरून द्यावं. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसमच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. गावाने नेमलेला पाटकरी पाणी देई आणि कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवत. तिकडे राजाचं कलम, इकडे गावाची रीत, आणि मावशीच्या गल्लीत पंधरा बायकांचा शब्द. सगळीकडे काळजी एकच, आपल्या पाण्यापायी दुसऱ्याचं नुकसान होऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी हत्तरसंग कुडलला गेले. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. नदीपात्र संथ, आणि काठाला ओळीने मोटारी. एकेका मोटरीतून निघालेला पाइप वर उसाच्या फडात जातो. ज्याची मोटर मोठी त्याचा ऊस हिरवा. जिथे विहिरीही आटतात अशी कोरडवाहू गावंही याच जिल्ह्यात आहेत आणि राज्यात साखर कारखाने सर्वांत जास्त ज्या जिल्ह्यांत आहेत, त्यांतही हा आहे. ज्या उजनीचं पाणी या काठाला येतं, ते धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्यात पळसदेवचं जुनं मंदिर बुडालं, गावंच्या गावं उठली. पाणी फार ओसरलं की त्या मंदिराचं शिखर आजही वर येतं, लोक होडीने बघायला जातात.

याच भीमेच्या वरच्या अंगाला, तिला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. शिरूर तालुक्यात. १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. तिथे पुराचं पाणी वळवायला खोदलेला पाट मिळाला आणि त्याच्या कडेला दगडमातीचा बांध. म्हणजे भीमेच्या खोऱ्यात पाणी अडवण्याचं काम सिद्धरामांच्या आधी दोन हजार वर्षांहून जुनं आहे. त्याच गावात एक पाच खोल्यांचं घर मिळालं, बाकीच्या घरांपेक्षा मोठं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. गावप्रमुखाचं घर, असं संशोधक मानतात. त्या घराच्या अंगणात चार पायांचा, गरोदर पोटासारखा फुगीर रांजण निघाला. त्यात एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला होता. गावातल्या इतर प्रौढांना पुरताना पावलं तोडण्याची रीत होती, पण याची पावलं शाबूत होती.

संगमाच्या घाटावर बसून मी त्या पावलांचा विचार करत राहिले. पाट खोदणारे बहुधा सगळेच असतील. कोठार मात्र एका घराच्या भिंतीला लागून होतं, आणि मरणातही पावलं एकाचीच राहिली. विटफोगलचं विधान इनामगावात बऱ्यापैकी खरं वाटतं. शेवटच्या दोन-तीन शतकांत तिथे पाऊस हटला, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, लोक शेतीपेक्षा गुरांमागे जास्त फिरू लागले आणि शेवटी गाव ओस पडलं. पाऊस फिरला तेव्हा कोठार आणि मानाची जागा, दोन्ही कामी आली नाहीत.

याच भीमेकाठच्या मुलखात, मंगळवेढ्याला, १३३८ मध्ये गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि अस्पृश्य मानला गेलेला संत चोखामेळा मजुरांबरोबर त्याखाली गाडला गेला. ज्या कुसाच्या आत राहायची त्याला मुभा नव्हती, ते कूस तो बांधत होता. पाण्याच्या बाबतीतही आपण तेच केलं. तळी ज्यांनी खोदली त्यांनाच पाणवठा बंद केला. म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी उचललेली ओंजळ ही पाण्याच्या इतिहासातली मोठी घटना आहे. सिद्धरामांनी खोदणाऱ्याच्या कामाला मान दिला होता. त्या खोदणाऱ्याचा पाण्यावरचा हक्क सिद्ध व्हायला आणखी आठशे वर्षं लागली.

दुपारी मी संगमेश्वराच्या देवळात गेले. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात एक विलक्षण शिवलिंग आहे, त्यावर साडेतीनशेहून अधिक छोटी मुखं कोरलेली. पण मी आले होते ती तुळईवरच्या लेखासाठी. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. आजवर मिळालेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. अंधारात काहीच दिसेना, तेव्हा तिथल्या एका मुलाने मोबाइलचा उजेड तिरपा धरला आणि अक्षरं दगडातून वर आली. ओळ छोटी आहे. हे जो वाचील तो विजयी होईल, एवढाच तिचा अर्थ.

नळदुर्गच्या लेखाने जगाची मित्र आणि शत्रू अशी वाटणी केली होती. दानलेख दान मोडणाऱ्याला शाप देतात. या ओळीने मात्र वाचणाऱ्याला, मग तो कुणीही असो, आशीर्वाद दिला आहे. वाचणाऱ्याचं कुळ-गोत्र-गाव न विचारता. पाण्याचं वाटप असं असावं, असं मला त्या तिरप्या उजेडात फार मनापासून वाटलं. बांध राजाने घातला, संताने घातला की सरकारने, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. त्याहून महत्त्वाचं हे, की बांध घालणाऱ्या हातांना त्यातली घागर मिळाली का, आणि टोकाच्या शेतापर्यंत, चढावरच्या घरापर्यंत पाणी चढलं का. सत्ता पाण्यातून उपजत असेल. तिला आवर घालायची रीतही माणसांनी पाण्यापाशीच शोधली आहे, आणि ती शोधणाऱ्यांची नावं कुठल्याही तुळईवर नाहीत.

बाहेर आले तेव्हा संगमावर ऊन कलत होतं आणि काठावर एकापाठोपाठ एक मोटारी सुरू होत होत्या. चार दिवसांनी मावशीच्या गल्लीत पुन्हा पाणी सुटेल. पहाटेची हाक येईल, पंधरा घरांत दिवे लागतील, पिंपं सरसावतील, आणि कुणीही मोटर लावणार नाही. तेवढा अर्धा तास चढावरच्या घराचा.